पोपटाचं पिल्लू विकत घेऊ नका, सोडवायला म्हणूनसुद्धा नाही

रानवाट

नमस्कार मंडळी,

'मुलीला पोपटाचं पिल्लू हवंय, कुठे मिळेल?' अशी विचारणा इथे मागे एका धाग्यावर झाली होती. दुसऱ्या धाग्यावर एका ताईंनी लिहिलं होतं, की रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेल्या माणसाकडून त्यांनी पिल्लं विकत घेतली आणि टेकडीवर नेऊन सोडली. दोघांच्याही मनात पाखराबद्दल मायाच आहे. पण टोपलीवाल्याच्या लेखी दोघंही गिऱ्हाइकंच. म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

कायदा आधी सांगून टाकतो, कारण त्यात गूढ काही नाही. गळ्यात कंठी असलेला नेहमीचा राघू असो, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट असो (बाजारात त्याला 'पहाडी' म्हणतात), की जांभळट लाल डोक्याचा टुइया असो, आपल्या रानातला कुठलाही पोपट पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. देशी रानपक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. मैना, मुनिया, बुलबुल, घुबडं सगळी त्यात आली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या (कायद्याला जोडलेल्या जातींच्या याद्या) नव्याने लावल्या आणि दंडाची रक्कम वाढवली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. 'घरोघरी असतात हो पोपट' म्हणून त्यातून सुटका होत नाही.

मला जास्त बोलायचंय ते ढोलीबद्दल. राघू सहसा स्वतः झाड कोरून घर करत नाही. सुतारपक्ष्याने किंवा तांबट पक्ष्याने सोडलेलं भोक तो चोचीने जरा मोठं करतो आणि तिथे संसार मांडतो. मोठ्या पोपटाला तर त्याहून मोठी ढोली लागते, म्हणजे जुनं, जाड बुंध्याचं झाड लागतं. अशी झाडं रानात मोजकीच उरलीत. पिल्लं काढणारा माणूस झाडावर चढतो, हात आत जात नसेल तर छिन्नीने किंवा कोयत्याने तोंड मोठं करतो, फांदी पोकळ असेल तर फांदीच तोडतो. पिल्लं जातात ती जातातच, पण ती ढोलीही कायमची जाते. पुढच्या वर्षी ती जोडी परत आली तर तिला घर नसतं. त्याच ढोलीत एखाद्या वर्षी पिंगळा राहिला असता किंवा मैना राहिली असती, त्यांचीही जागा गेली. एका पिल्लाच्या किमतीत हे सगळं धरलेलं नसतं.

पिल्लू उडायला साधारण सात आठवडे घेतं. विकायला आणतात तेव्हा बहुतेकांच्या अंगावर अजून पिसांच्या काड्याच असतात, कारण लहान असेल तर 'लळा लावतं, बोलतं' असं गिऱ्हाइकाला सांगता येतं. महाराष्ट्रात विणीचा काळ साधारण डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. म्हणजे येत्या काही आठवड्यांत टोपल्या दिसायला लागतील. तुमच्या गावात, चौकात काय दिसतं ते इथे लिहा.

जाईजुई

ती टेकडीवर सोडणारी मीच. मला खरंच माहीत नव्हतं. पण मग डोळ्यांसमोर ती तशीच टोपलीत मरू द्यायची का? तुमचं म्हणणं पटलं तरी त्या क्षणी काय करायचं ते कळत नाही.

रानवाट

जाईजुई, तुमचा प्रश्न रास्त आहे. त्या क्षणी करायचं ते असं: पैसे द्यायचे नाहीत, वाद घालायचा नाही, जरा लांब जाऊन १९२६ ला फोन लावायचा. वनखात्याची ती हेल्पलाइन आहे, 'हॅलो फॉरेस्ट'. जागा, वेळ, अंदाजे किती पक्षी, गाडी असेल तर नंबर एवढं सांगायचं. शक्य असेल तर लांबून फोटो. दर वेळी कोणी धावत येईल असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही पैसे दिलेत तर तो माणूस दुसऱ्या दिवशी भरलेली टोपली घेऊन परत येईल, आणि या खेपेला जास्त पिल्लं आणेल.

विदर्भातला_वैद्य

पशुवैद्य आहे, जप्त झालेल्या आणि घरून आणून दिलेल्या पोपटांवर उपचार करण्याचा अनुभव आहे. टेकडीवर सोडलेल्या पिल्लांचं काय होतं ते स्पष्टच लिहितो. उडता न येणारं पिल्लू जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर बसून राहतं आणि संध्याकाळच्या आत कावळा, मांजर, मुंगूस यांपैकी कोणीतरी ते उचलतं. उडता येणारं असलं, तरी खायचं काय आणि कुठे हे त्याला थव्याबरोबर राहूनच कळतं. हाताने भरवलेलं पिल्लू माणूस दिसला की तोंड उघडतं. त्याला 'स्वातंत्र्य' देऊन आपण मोकळे होतो, ते होत नाही.

आता टोपलीतून आलेलं पिल्लू टेबलावर कसं दिसतं ते. शेपटीची पिसं मुडपून तुटलेली, कारण एकावर एक कोंबलेली असतात. बूड विष्ठेने चिकटलेलं. गळ्याखालची अन्नाची पिशवी फुगून घट्ट, आत आंबलेलं पीठ, कारण विकणारा घाईघाईत गार पाण्यात कालवलेलं बेसन किंवा भिजवलेली डाळ भरतो. पिल्लाचं पोट गार अन्न पुढे ढकलत नाही. पाय बाहेरच्या बाजूला फताडे पडलेले, हे कॅल्शियमच्या कमतरतेमुळे आणि गुळगुळीत तळावर बसवल्यामुळे. मोठ्या पक्ष्यांमध्ये एका पंखाची पिसं कात्रीने कापलेली. कापलेल्या पिसाचं खोड कातडीत तसंच राहतं आणि पुढची पिसं झडायच्या हंगामापर्यंत नवीन येत नाही. म्हणजे तो पक्षी काही महिने, कधी वर्षभर, उडू शकत नाही.

यावर एक जुना उपाय आहे, बहिरी ससाणे पाळणारे लोक पूर्वापार करत आलेत. मेलेल्या त्याच जातीच्या पक्ष्याचं पीस घ्यायचं, बांबूची बारीक सळी तासून कापलेल्या खोडात अर्धी आणि नव्या पिसात अर्धी बसवायची, वर थेंबभर चिकटपदार्थ. पीस बरोबर कोनात बसलं तर पक्षी दोन-चार दिवसांत उडतो. नेमकं त्याच क्रमांकाचं पीस लागतं, डाव्याचं उजव्याला चालत नाही. खूप वेळखाऊ काम आहे. ही सगळी मेहनत ज्या कात्रीमुळे करावी लागते ती कात्री दोन सेकंद चालते.

मुक्काम_पोस्ट_नाशिक

धागा चांगला आहे पण एक बाजू राहतेय. आमच्या आजीकडे पोपट होता, अठरा-वीस वर्षं जगला. 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायचा. घरातल्या माणसासारखाच. आजी त्याला आधी पेरू कापून द्यायची मगच स्वतः जेवायची. तिला तुम्ही गुन्हेगार म्हणणार का?

रानवाट

नाही म्हणणार. आजीने त्याच्यावर जीव लावला हे खरंच आहे. ज्या काळात बहुतेक घरांत तो पिंजरा अंगणात टांगलेला असायचा त्या काळातल्या माणसाला आजच्या मापाने मोजण्यात काही अर्थ नाही. पण राघू थव्याचा पक्षी आहे. रानात जोडी जमते, संध्याकाळी शेकड्याने एका झाडावर मुक्कामाला येतात, एवढा गोंगाट करतात की कान किटतात. पिंजऱ्यातला पोपट माणसाचे शब्द उचलतो कारण त्याच्याशी बोलायला दुसरं कोणी नसतं. रानातल्या राघूला विठ्ठल म्हणायची गरज पडत नाही, त्याची भाषा त्याच्याकडे आहे.

बोरूबहाद्दर

+१. या शेवटच्या परिच्छेदासाठी.

कोर्टाची_पायरी

वकिली करते, वन्यजीव प्रकरणांत थोडंफार काम आहे म्हणून दोन गोष्टी.

एक, 'शिकार' या शब्दाची कायद्यातली व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. पकडणं, फासा लावणं, जाळं टाकणं, घरटं किंवा अंडी बिघडवणं, सगळं त्यात येतं. आणि कलम ३९ प्रमाणे पकडलेला वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते. त्यामुळे 'मी पैसे देऊन घेतला, माझा आहे' हा बचाव टिकत नाही.

दोन, शिक्षा. सर्वसाधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आधी दंडाची मर्यादा २५ हजार होती. अनुसूची १ मधला पक्षी असेल तर किमान ३ वर्षं, कमाल ७. पण प्रकरण कोर्टात टिकायला पंचनामा नीट लागतो. जातीचं नाव चुकीचं लिहिलं, फोटो नाही, पक्षी कुठे ठेवले त्याची नोंद नाही, की आरोपी सुटतो. राघूची मादी आणि टुइयाचं पिल्लू यांत पंचनामा लिहिणाऱ्याची गफलत होऊ शकते, आणि बचावपक्ष नेमकं तेच धरतो. म्हणून फोन करणाऱ्याने काढलेला स्पष्ट फोटो फार उपयोगी पडतो, विशेषतः खांदा, गळा आणि शेपटीचं टोक दिसेल असा. लाल खांदा म्हणजे बहुधा मोठा पोपट, शेपटीचं पांढरं टोक म्हणजे बहुधा टुइया.

एव्हियरी_पुणे

सगळ्यांना एका मापाने मोजू नका एवढीच विनंती. मी परदेशी पक्ष्यांची पैदास करतो, बजरी, कॉकटेल, लव्हबर्ड, कोन्युर. हे पक्षी भारताच्या रानातले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेत. सरकारचं पोर्टल आलं तेव्हा रीतसर नोंदणी केली आहे. आमच्यासारख्यांना लोक 'पोपट चोर' म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. रानातला पक्षी धरणारा आणि आम्ही यांत फरक आहे.

कोर्टाची_पायरी

फरक आहेच, आणि तुम्ही नोंदणी केली हे उत्तमच. पण इथले वाचक गोंधळतील म्हणून मांडते.

'परदेशी म्हणजे मोकळं रान' हे आता राहिलेलं नाही. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स करारातल्या (वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) जाती अनुसूची ४ म्हणून कायद्यात आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले आणि अशा जाती बाळगणाऱ्यांना परिवेश पोर्टलवर नोंदणीसाठी ऑगस्ट २०२४ अखेरपर्यंत सहा महिने दिले. त्यानंतर पक्षी घेतला तर ३० दिवसांत नोंद करायची. पिल्लू झालं, मेलं, दुसऱ्याला दिलं, तेही कळवायचं.

पोपटवर्गातल्या जवळजवळ सगळ्या जाती साइट्सच्या यादीत आहेत. ठळक अपवाद चार: बजरी, कॉकटेल, गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड आणि आपला राघू. राघू त्या यादीत नाही म्हणून सुटला असं कोणी समजू नये, तो आपल्याच कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे. आणि निळा राघू, पिवळा राघू ही 'म्युटेशन' म्हणून उघड विकली जातात, तर अनुसूचीत जातीचं नाव आहे, रंगाचं नाही. दुसरं, सगळे लव्हबर्ड मोकळे नाहीत, फिशरचा लव्हबर्ड यादीत आहे. दुकानात तो सगळ्यांच्या शेजारी त्याच पिंजऱ्यात असतो.

रानवाट

एव्हियरी_पुणे, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहितो. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी विकण्यावर माझा वैयक्तिक आक्षेप आहे, पण तो वेगळा वाद. या धाग्यापुरतं एवढंच, की तुमच्या धंद्याच्या आडून चोरीचा माल खपतो, आणि त्याचा पहिला फटका तुम्हालाच बसतो.

आफ्रिकन ग्रे, म्हणजे आफ्रिकेतला करडा पोपट घ्या. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलांतून या पक्ष्याची इतकी लूट झाली की घानामध्ये १९९० च्या दशकापासून त्याची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली. जोहान्सबर्गला २०१६ मध्ये साइट्सची परिषद झाली, तिथे तो परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत गेला आणि जानेवारी २०१७ पासून रानातून पकडलेल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. तरी आज कुठल्याही शहरात 'हाताने वाढवलेला ग्रे' म्हणून जाहिरात दिसते. यातला कुठला खरंच इथे जन्मला आणि कुठला चोरवाटेने आला, हे गिऱ्हाइकाने कसं ओळखायचं?

सन कोन्युरचंही तेच. पुण्या-मुंबईत तो इतका सर्रास दिसतो की लोकांना तो कोंबडीसारखा पाळीव वाटतो. गयाना आणि उत्तर ब्राझीलच्या रानात तो धोक्यात आलेला पक्षी आहे, आणि त्यात पिंजऱ्याच्या व्यापाराचा मोठा हात आहे. जावा चिमणीचं अजून वाईट. आपल्याकडे पिंजऱ्यांत जागोजागी 'जावा', आणि इंडोनेशियात तिच्या मूळ बेटांवर ती शोधावी लागते.

एव्हियरी_पुणे

मुद्दा मान्य. ओळखायचं कसं ते मी सांगतो, कारण आमच्यातल्या प्रामाणिक लोकांनाही हे लोकांना कळायला हवंय. पिल्लू आठ-दहा दिवसांचं असताना त्याच्या पायात बंद रिंग घालतात, सलग धातूची, जोड नसलेली. पाय मोठा झाला की ती ना घालता येते ना काढता येते. म्हणजे बंद रिंग असलेलं पिल्लू त्या वयात माणसाच्या हातात होतं एवढं तरी नक्की. जोड असलेली, चिमट्याने दाबलेली रिंग कधीही घालता येते, तिला काही किंमत नाही. रिंगवरचा क्रमांक, आई-बापांची नोंद आणि पोर्टलवरची नोंद जुळत नसेल तर घेऊ नका. 'कागद नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याकडून तर अजिबात नाही.

अजून एक. ऑनलाइन ग्रुपवर निम्म्या किमतीत ग्रे किंवा मकाव दिसला तर पुष्कळदा तो पक्षीच नसतो. आगाऊ पैसे घेऊन गायब होतात. आणि खरंच पाठवला, तर तो खासगी बसच्या डिकीत, भोकं पाडलेल्या खोक्यात येतो. उन्हाळ्यात डिकीत काय तापमान होतं हे सांगायला नको.

पाणकोंबडी

मुंबईत राहते. आमच्याकडे काही घरांत वाढदिवसाला, सणाला पक्षी विकत घेऊन सोडायची पद्धत आहे. जीवदया म्हणून. लहानपणी मीही सोडलेत. आता कळतंय, की सोडण्यासाठी पक्षी लागतात म्हणून कोणीतरी ते आधी धरून आणतो. पण घरच्या मोठ्यांना हे सांगायचं कसं? धर्माचा प्रश्न होतो लगेच.

रानवाट

पाणकोंबडी, तुम्ही नेमकं ओळखलंत. सोडण्यासाठी बहुतेक वेळा मुनिया, चिमण्या, पोपट लागतात, आणि ते धरले जातात लाशाने किंवा जाळ्याने. लासा म्हणजे वड-पिंपळाचा चीक शिजवून केलेला चिकटा. तो काडीला लावून ठेवतात, पक्षी बसला की चिकटतो, सोडवताना पिसं उपटली जातात. मुनियांना तर रंगवतातही. साध्या तपकिरी मुनियेला हिरवा, पिवळा रंग लावून 'परदेशी चिमणी' म्हणून विकतात. पहिल्या आंघोळीत तो रंग उतरतो आणि त्यातला विषारी भाग चोचीने पिसं साफ करताना पोटात जातो.

मोठ्यांना सांगायचा मार्ग मला एकच दिसतो: दयेला विरोध करायचा नाही, तिचा पत्ता बदलायचा. त्याच पैशातून पक्ष्यांच्या दवाखान्याला औषध किंवा दाणा द्या. संक्रांतीनंतर मांज्याने कापलेले किती पक्षी तिथे येतात ते बघायला एकदा त्यांना घेऊन जा. पुढचं त्यांना सांगावं लागत नाही.

नंदुरबारी

सगळं वाचलं. एक खटकतंय ते लिहितो. अशा चर्चेत शेवटी बोट जातं ते पारध्यांकडे. टोपली घेऊन बसलेला दिसतो म्हणून तोच चोर. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून आख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला, लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. रानात पोट भरायचं कसब होतं ते बेकायदा झालं, जमीन मिळाली नाही, पोरांना शाळेत घेतलं नाही. पिल्लामागे त्याला मिळतात ते थोडके रुपये, शहरातला दुकानदार त्याच पिल्लाचे कितीतरी पट करतो, आणि पकडला जातो तो पहिला. गुन्हा आहे हे मान्य, पण हिशोब पूर्ण मांडा.

रानवाट

तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि मूळ लेखात हे यायला हवं होतं असं मला वाटतं. ढोलीत हात घालणारा माणूस ही साखळीतली सगळ्यात गरीब कडी. त्याच्या वर गाव पातळीवर माल गोळा करणारा, मग शहराचा ठोक व्यापारी, मग दुकान. पिल्लं बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातूनही येतात आणि लखनौ, पाटणा, कोलकाता, हैदराबाद, मुंबईच्या जुन्या पक्षीबाजारांची नावं या धंद्याच्या अभ्यासांत वर्षानुवर्षं येत आलीत. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेच्या पाहणीत भारतातल्या १२ देशी पोपट जातींपैकी किमान ८ जाती बेकायदा व्यापारात नेहमी सापडतात. हे काम टोपलीवाल्या एका माणसाचं नाही.

आणि दुसरी बाजूही आहे. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजाबरोबर गवताळ रानं राखायचं काम करते. ज्या माणसाला तित्तिराचा आवाज काढून त्याला बोलावता येतं, तणमोर कुठल्या गवतात बसेल हे सांगता येतं, त्याच्याइतका जाणकार रानराखा कुठल्या परीक्षेतून मिळणार? त्या ज्ञानाला मजुरी मिळायला हवी. गिऱ्हाईक बंद करणं हे आपलं काम, ही मजुरी देणं हे सरकारचं.

थेम्सकाठ

लंडनहून लिहिते. इथे हाइड पार्कमध्ये, रिचमंडला राघूंचे थवे आहेत, अगदी आपल्यासारखेच ओरडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुण्यातली संध्याकाळ आठवली. इथल्या लोकांच्या त्यांच्याबद्दल अनेक दंतकथा आहेत, कोण्या गायकाने सोडले, सिनेमाच्या सेटवरून पळाले वगैरे. पण जनुकीय अभ्यासात असं दिसलं, की युरोपातल्या राघूंचं मूळ मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारतात आहे, म्हणजे पाळीव पक्ष्यांच्या व्यापारातून आलेले. १९७० आणि ८० च्या दशकांत भारत हा रानपक्ष्यांची निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक होता हे त्यामागचं कारण. युरोपीय संघाने बर्ड फ्लूमुळे २००५ साली रानपक्ष्यांची आयात थांबवली आणि २००७ साली ती बंदी कायम केली. म्हणजे आता इथे येत नाहीत, पण जे आले त्यांच्या पिढ्या इथल्या सुतारपक्ष्यांच्या आणि नटहॅचच्या ढोल्यांवर हक्क सांगतायत. ढोलीची टंचाई इथेही.

बोरूबहाद्दर

अवांतर: घुबडांचं कोणी लिहिलं नाही. दिवाळीच्या आधी घुबडं धरतात, लक्ष्मीपूजनाच्या नावाने आणि काळ्या जादूसाठी. आमच्या भागात पिंगळा दिसेनासा झालाय ते यामुळे की झाडं गेल्यामुळे, सांगता येत नाही.

रानवाट

वेगळा धागा होईल इतका मोठा विषय आहे, पण थोडक्यात: घुबडांच्या सगळ्या जातींना कायद्याचं संरक्षण आहे, आणि दिवाळीच्या आधी वनखातं दरवर्षी सावधगिरीच्या सूचना काढतं. ऑक्टोबरमध्ये हा धागा वर आणा.

शेवगा

मी वाचनमात्र असते, आज लिहितेय कारण प्रश्न माझा आहे. घरी राघू आहे. यजमानांनी काही वर्षांपूर्वी आणला होता, ते आता नाहीत. सासूबाईंचा त्याच्यावर फार जीव. तो उडत नाही, कधी उडलाच नाही. वनखात्याकडे द्यायचा म्हटलं तर आमच्यावर केस होईल का, आणि तिथे त्याचं हाल तर नाही ना होणार? सासूबाईंना कसं सांगू तेही कळत नाही.

कोर्टाची_पायरी

शेवगा, घाबरू नका. कायद्याच्या भाषेत ताबा हाच गुन्हा आहे हे मी लपवणार नाही. पण स्वतःहून पक्षी आणून देणाऱ्या कुटुंबाकडे बघायची अधिकाऱ्यांची नजर विक्रेत्याकडे बघायच्या नजरेपेक्षा वेगळी असते, बहुतेक ठिकाणी नोंद करून पक्षी ताब्यात घेतात. माझा सल्ला असा: परस्पर कोणाला देऊ नका, ऑनलाइन टाकू नका, सोडून तर मुळीच देऊ नका. आधी जवळच्या मान्यताप्राप्त वन्यजीव उपचार केंद्राला फोन करा, त्यांच्यामार्फत वनखात्याकडे जा. लेखी अर्जात कधीपासून आहे, कसा आला ते खरं लिहा आणि अर्जाची पोच घ्या.

विदर्भातला_वैद्य

हाल होतील का, याचं उत्तर मी देतो. नागपूरला सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, पुण्यात बावधनला रेस्क्यू संस्थेचं केंद्र वनखात्याबरोबर काम करतं. चांगल्या केंद्रात पहिलं काम म्हणजे वेगळं ठेवणं आणि तपासणी, कारण पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा ताप असतो आणि तो फुप्फुसांवर जातो. म्हणूनच घरात लहान मूल किंवा वृद्ध असतील आणि पक्षी सुस्त, पिसं फुगवून बसत असेल, तर विष्ठा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

नंतर आहार बदलतात. नुसती मिरची, डाळ आणि सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटाला जीवनसत्त्व अ कमी पडतं, चोच आणि नखं वेडीवाकडी वाढतात. हिरव्या भाज्या, गाजर, लाल भोपळा, रानफळं हळूहळू सुरू करतात. मग आपल्याच जातीच्या पक्ष्यांबरोबर मोठ्या जाळीच्या खोलीत. तिथे पंखात बळ येतं का, माणसाला टाळायला शिकतो का, हे बघतात. जमलं तर थव्याने सोडतात, एकट्याला नाही. तुमच्या राघूसारख्या जन्मात न उडलेल्या पक्ष्याला कदाचित सोडता येणार नाही, पण त्याला दुसरे राघू भेटतील. सासूबाईंना हेच सांगा. आणि तोपर्यंत घरी असेल तेवढे दिवस पेरू, पालक, मक्याचं कणीस आणि कडुनिंबाची ताजी डहाळी चघळायला द्या. तळलेलं, चहा-बिस्किट आणि अॅव्होकॅडो बंद. अॅव्होकॅडो पोपटाला विष आहे, हल्ली घरोघरी येतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

शेवगा

धन्यवाद दोघांनाही. सासूबाईंना वाचून दाखवलं. 'त्याला सोबत मिळेल ना' एवढंच विचारलं. उद्या फोन करते.

मुक्काम_पोस्ट_नाशिक

शेवगा, तुम्हाला मनापासून शुभेच्छा. माझा आधीचा सूर जरा चढा होता, पण हा धागा वाचतोय सुरुवातीपासून. एक प्रश्न: आमच्या सोसायटीत गुलमोहराच्या सुक्या खोडात राघूची जोडी आहे, आत पिल्लं ओरडतात. कमिटीने पावसाळ्याआधी तो गुलमोहर तोडायचा ठराव केलाय, पडेल म्हणून. खरंच वाळलाय तो. काय करता येईल?

रानवाट

उत्तम प्रश्न, आणि याला आत्ताच हात घाला. शहरातलं झाड तोडायला किंवा छाटायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, सोसायटीच्या ठरावाने भागत नाही. तुम्ही वृक्ष अधिकाऱ्याला लेखी हरकत द्या, त्यात वापरात असलेलं घरटं असल्याचं लिहा, ढोलीच्या तोंडाशी बसलेल्या पक्ष्याचा फोटो तारखेसह जोडा, प्रत वनखात्याला. घरटं बिघडवणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा असल्याचाही उल्लेख करा.

कमिटीशी मात्र भांडू नका, कारण झाड खरंच वाळलं असेल तर त्यांची भीती खोटी नाही. मागणी एवढीच ठेवा, की पिल्लं उडून जाईपर्यंत, म्हणजे साधारण मेच्या सुरुवातीपर्यंत थांबा. त्यानंतरही झाड मुळापासून पाडण्याऐवजी जड फांद्या उतरवून ढोलीपर्यंतचं खोड उभं ठेवता येतं का, ते एखाद्या जाणकार वृक्षतज्ज्ञाकडून तपासून घ्या. तसं खोड वाऱ्याला फारसं अडत नाही आणि ढोली शाबूत राहते. वॉचमनला विश्वासात घ्या. शिडी घेऊन कोणी अनोळखी माणूस त्या झाडाखाली दिसला तर त्याने आधी तुम्हाला फोन करायचा.

अर्जाचा मसुदा हवा असेल तर विपू (विचारपूस) करा, मी आणि कोर्टाची_पायरी मिळून लिहून देतो.